विसण

आमच्या अर्जात एकूण बेचाळीस प्रश्न होते आणि ते सगळे मी लिहिले होते. वाहन चालवता का? उंचावर चढून काम करता का? मधुमेह आहे का? घरात गॅस आहे की चूल? एका प्रश्नात मी 'मिश्री लावता का' असंही विचारलं होतं, कारण आमच्याकडच्या बायकांना तंबाखू खाता का म्हटलं की त्या ठामपणे नाही म्हणतात आणि मिश्री म्हटलं की लाजून हसतात. त्या प्रश्नावरून पुण्याच्या कचेरीत माझं फार कौतुक झालं. संशोधक गावातला असला की असा फायदा होतो, असं आमचे संचालक म्हणाले आणि मी मान डोलावली. मूर्ख माणसाला मान डोलवायला वेळ लागत नाही.

मी रूपेश आरोलकर. प्रथिनांवर काम करतो. गाव वेंगुर्ल्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत, काजूच्या बागांच्या मधोमध. माझा थोरला भाऊ मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. एका वादळात तो ट्रॉलर परत आला नाही. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि त्याची मुलगी हर्षाली दोन वर्षांची होती. सुचितावहिनी तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी काजूच्या कारखान्यात कामाला लागली आणि पुढची चोवीस वर्षं तिने तेच केलं. माझं शिक्षण तिच्या हातांवर झालं. हे मी भाषणात म्हणतात तसं म्हणत नाही, ते हात मी पाहिले आहेत.

काजूच्या टरफलात काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की कातडी जळते, सोलते, पुन्हा येते आणि पुन्हा जळते. बाया राख लावतात, खोबरेल लावतात, पण दिवसभरात ते कुठवर पुरणार? हातमोजे घातले तर बोटाला टरफलाची चीर जाणवत नाही आणि गर तुटतो. यंत्रं आली, पण तीही दर पाच काजूंत एक मोडतात. अख्खा, हाताने फोडलेला गर हवा असणारी माणसं जगात अजून आहेत, आणि ती आहेत तोवर वहिनीसारख्या बायांची बोटंही जळायची थांबत नाहीत. वहिनीला आमटीत बोट घालवत नसे. ती चमच्याने जेवायची. आमच्या घरात चमच्याने जेवणारी ती एकटीच, म्हणून माझी आई तिला मडम म्हणून चिडवायची, आणि वहिनी हसून म्हणायची, "मगे, मडमीक भात वाढा."

त्या हातांसाठी मी हे औषध केलं. पुढचं ऐकताना एवढं लक्षात ठेवा, मी ते प्रेमाने केलं होतं.

आता थोडं शास्त्र. बोट भाजलं तर ते बोटाला कळत नाही. बोटातून निघालेला मज्जातंतू दंडातून, मानेतून पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि तिथे संपतो. पुढची पेशी त्याला चिकटलेली नसते, दोघांमध्ये एक बारीक फट असते. तंतूच्या टोकाशी, आतल्या बाजूला, रसायनाने भरलेल्या इवल्याइवल्या थैल्या तयार असतात. खालून निरोप आला की थैली पेशीच्या आवरणाला भिडते, दोन्ही पडदे एक होतात आणि रसायन फटीत सांडतं. पुढची पेशी ते टिपते आणि मग कुठे मेंदूला समजतं की भाजलं.

पण थैली आवरणात मिसळते कशी? हे पडदे आपणहून जवळ येत नाहीत, एकमेकांना ढकलतात. थैलीच्या पडद्यात एक प्रथिन रुतून बसलेलं असतं, सिनॅप्टोब्रेव्हिन त्याचं नाव. त्याची लांब शेपटी बाहेर लोंबत असते. समोरच्या आवरणावर त्याचे दोन जोडीदार असतात. काथ्याच्या दोरीला पीळ भरावा तशा या शेपट्या एकमेकींत गुंफल्या जातात आणि त्या पिळाच्या जोराने थैली ओढली जाऊन आवरणात मिसळते. सेकंदाच्या हजाराव्या भागात हे उरकतं. आता ही शेपटी कुणी मध्येच कापली तर? पेशी मरत नाही, थैल्या भरलेल्याच राहतात, खालून निरोपही येत राहतात. फक्त ते पुढे जात नाहीत.

अशी शेपटी कापणारे जंतू निसर्गात आहेत आणि त्यांच्या विषाने माणसं मरतात. आम्ही त्या विषातली कात्री तेवढी घेतली आणि ती फक्त दुखणं वाहणाऱ्या तंतूंतच शिरेल अशी सोय केली. हे तंतू साधारण त्रेचाळीस अंशांच्या वर जागे होतात. मिरची झोंबते तीही यांनाच. ऊब कळवणारे तंतू वेगळे, स्पर्शाचे वेगळे, त्यांना आम्ही धक्का लावला नाही. बोटांच्या बेचक्यांत चार टोचण्या दिल्या की पंधरा दिवसांत हात दुखायचे थांबत. पेशी रोज नवं सिनॅप्टोब्रेव्हिन बनवते आणि कात्री रोज ते कापते, असं सहा महिने चालतं. मग पेशीची सफाई करणारी यंत्रणा त्या कात्रीलाच मोडून टाकते आणि हात पुन्हा जागा होतो. सहा महिन्यांचा आकडा आम्ही पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या हातांवरून काढला होता. विशी-पंचविशीची पोरं होती ती.

औषधाचं नाव निर्वेदन. बायांनी त्याला 'सुई' म्हटलं.

२०३९च्या जानेवारीत आमच्याच गावच्या कारखान्यात चाचणी सुरू झाली. साठ बाया तयार झाल्या. वहिनी पहिल्या रांगेत होती.

"भावजीनू, खराच दुखाचा थांबतला मा?" तिने विचारलं.

"सहा महिने अजिबात नाही."

"आणि मगे?"

"मग दुसरी सुई."

"तर मगे काय, राज्यच आमचा," ती म्हणाली आणि तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. तिच्या तळव्यावर एकही रेष शिल्लक नव्हती. कारखान्याच्या दारावरचं हजेरीचं यंत्र तिचा अंगठा कधीच ओळखायचं नाही, म्हणून तिच्यासाठी डोळ्याचं यंत्र बसवावं लागलं होतं.

पंधराव्या दिवशी ती बोटांनी जेवली. फणसाची भाजी, आमटी, भात. मी समोर बसलो होतो. ती घास कालवत होती आणि रडत होती, आणि मध्येच हसून म्हणाली, "आज मडम मेली." त्या दिवसाइतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाने झालेला नाही. हे मी लपवणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात निर्मला तुळसकर मला भेटायला आली. वहिनीच्या शेजारी बसून काजू फोडणारी, जिभेला हाड नसलेली बाई. तिचा डावा तळवा पांढरा पडून फुगला होता. भाकरी उलथताना हात तव्यावर टेकला आणि करपल्याचा वास येईपर्यंत तिला कळलंच नाही.

"मी म्हटलंय भाकरी करापली," ती हसत म्हणाली. "बगतंय तर मीच."

मी तिला मलम दिलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'घरगुती किरकोळ इजा'. पुढच्या महिन्याभरात अशा सात इजा झाल्या. सातही मी तशाच लिहिल्या. दुखणं गेल्यावर माणूस थोडा निष्काळजी होणारच, सवय होईल, असं मी स्वतःला सांगितलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, पण मुळात पोळल्याचं कळलं तर ना. हे मला सुचलं होतं. सुचलं आणि मी ते बाजूला ठेवलं, कारण परवानगीची तारीख जवळ आली होती.

हर्षाली तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मार्चच्या शेवटी तिला मुलगी झाली. नाळ पडेपर्यंत बाळाला नुसतं ओल्या फडक्याने पुसा, असं डॉक्टरणीने सांगितलं होतं. त्यामुळे पहिलं खरं न्हाणं बाराव्या दिवशी, बारशाच्या सकाळी ठरलं.

वाडीतल्या तान्ह्या मुलांना न्हाऊ घालायचा मान वहिनीचा होता. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल जिरवायचं आणि तांब्या तांब्याने पाणी सोडायचं. माझा मुलगाही तिच्याच पायांवर न्हाला होता. त्या वेळी माझी बायको पाण्याचं तापमान मोजायचं यंत्र घेऊन आली होती, तर वहिनी तिला म्हणाली होती, "ह्या यंत्राक पोरा झाली असतली तर माका सांग." सगळे हसले होते. मीही.

बारशाला पाहुणे आले होते, म्हणून न्हाणीतला तांब्याचा हंडा सकाळपासून धडधडत्या चुलीवर होता. वहिनीने बादलीत कढत पाणी ओतलं. मग ती वरून विसण घालू लागली, म्हणजे गार पाणी, एकेक तांब्या. किती घालायचं ते कुणी मोजत नाही. हात घालून बघायचं आणि हात सांगेल तिथे थांबायचं. एक तांब्या विसण पडल्यावर तिने बादलीत हात घातला. हाताला ऊब लागली. छान, कोमट ऊब.

तो हात खोटं बोलत नव्हता. ऊब वाहणाऱ्या तंतूंना ऊब लागली होती आणि त्यांनी तसं कळवलं. त्यापलीकडचं सांगणाऱ्या तंतूंचं तोंड मी बांधून ठेवलं होतं. तिच्यासाठी चाळीस अंश आणि सत्तर अंश आता एकच होते.

पहिला तांब्या बाळाच्या पाठीवर पडला. तिथून ओघळून ते पाणी वहिनीच्या नडग्यांवर आलं, आणि नडग्यांना सुई दिलेली नव्हती. तिने किंचाळून पाय आखडले. बाळ तिच्या किंकाळीनंतर रडलं, असं हर्षाली सांगते.

मी त्या दिवशी गावातच होतो. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात बाळाला आम्हीच नेलं. गाडीत वहिनी एकच वाक्य म्हणत होती, "कोमट होता रे, देवाशपथ, कोमट होता." तिच्या दोन्ही नडग्यांवर बोटभर लांबीचे फोड आले होते आणि ज्या हाताने तिने पाणी पाहिलं तोही लालबुंद होऊन सुजला होता. त्या हाताकडे तिचं लक्षच नव्हतं. मी मात्र आळीपाळीने तिचे पाय आणि हात पाहत होतो, आणि गाडी गोव्याच्या हद्दीजवळचं बांदा ओलांडायच्या आत मला सगळं कळलं.

बाळाची पाठ, मान आणि उजवा खांदा भाजला होता. इस्पितळाच्या कागदावर नावाचा रकाना होता. बारसं झालंच नव्हतं. हर्षालीने उभ्या उभ्या 'जुई' लिहिलं.

जुई जगली. एकवीस दिवस तिने लढा दिला, मांडीची कातडी काढून पाठीवर लावावी लागली. जगली याचा आनंद वाटायलाही मला लाज वाटायची. जावई वहिनीला नाही नाही ते बोलले. म्हातारपणी डोकं फिरलंय, असं म्हणाले. वहिनी पंचावन्न वर्षांची होती. शेवटी इस्पितळाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, मी सांगून टाकलं की चूक तिची नाही, सुईची आहे. सातही बायांचं सांगितलं. जावयांनी माझी गचांडी धरली, ते बरोबरच केलं. हर्षाली रडली नाही, ओरडली नाही. ती आपल्या आईकडे वळली.

"आये, तुझ्या हाताक भाजल्याचा कळाक लागला की मी जुईक तुझ्या मांडयेवर देतलंय. तोवर नाय. तोवर तू तिका हात लावायचो नाय."

मला ती शिक्षा वाटली. वहिनीने ते वचन म्हणून ऐकलं. तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, "जानेवारीत सुई घेतलंय. म्हणजे जुलयात हात येतलो मा, भावजीनू?"

"हो," मी म्हणालो.

मी कंपनीला सविस्तर अहवाल दिला. समिती बसली. समितीत पाच माणसं होती आणि पाचांनीही मला पाणी विचारलं. त्यांनी अर्जात त्रेचाळिसावा प्रश्न घातला, 'आपण लहान मुलांना आंघोळ घालता का?', डब्यावर तापमापक वापरण्याची सूचना छापली, आणि औषधाला परवानगी मिळाली. मी राजीनामा दिला. त्याने काही फरक पडला नाही. वर्षाअखेर किनाऱ्यावरच्या प्रत्येक काजू कारखान्यात, कोळंबी सोलणाऱ्या बर्फघरांत आणि घाटावरच्या ओतशाळांत सुई पोचली होती. सुई न घेतलेल्याला कामावर घ्यायचे नाहीत, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. घ्यायचे नाहीत, एवढंच.

परवानगी यायच्या आधी मी चाचणी थांबवा म्हणून गावात सांगत फिरलो होतो, तेव्हा निर्मला आणि आणखी दहाबारा बाया आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात आल्या.

"ही सुई बंद करू नकात," निर्मला म्हणाली. "जुईचा वायट झाला, आमका कळता. पण तुमी कधी ह्या तेलात हात घातलास? आमी पाण्याक यंत्र लावू. तव्याक लावू. तुमी म्हणशात तिकडे लावू. पण ता जळजळणा आमका परत नको."

वहिनी उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिने कारखाना सोडला होता.

जुलै उजाडला. वहिनी दर सकाळी चुलीवरचं पाणी वाटीत घ्यायची आणि करंगळी बुडवायची. करंगळीच, कारण बाकी बोटं कामाची, असं तिने ठरवलं होतं. मग पुण्याला मला फोन करायची.

"आज काय नाय."

"वहिनी, असं करू नका. बोट जाईल."

"गेला तर जाव दे. बाकीची नऊ असत."

ऑगस्ट गेला. गणपतीत हर्षाली आली नाही. दसऱ्याला आली नाही. जुई बसायला लागली, रांगायला लागली, ते वहिनीने फोनच्या पडद्यावर पाहिलं. पडद्यात ती तिला गाणी म्हणून दाखवायची आणि जुई पडद्याकडे हात करायची. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे.

डिसेंबरात मी साठही बायांना विचारून त्यांची माहिती पुन्हा मांडून बसलो; हात जागा झाल्याशिवाय दुसरी सुई देत नसत, त्यामुळे तारखा साऱ्यांना पाठ होत्या. पस्तिशीच्या आतल्या बायांचे हात सहा-सात महिन्यांत जागे झाले होते. चाळिशीच्या बायांना दहा महिने लागले. पन्नाशीच्या पुढच्या चौघी होत्या आणि चौघींपैकी एकीचाही हात आला नव्हता. पेशीची सफाई वयाबरोबर मंदावते, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मोडायची ती कात्री या बायांत मोडतच नव्हती. आणखी दोन वर्षं लागतील, दहा लागतील, की ती मरेपर्यंत तशीच राहील, मला माहीत नव्हतं आणि आजही नाही.

हे मी वहिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरा. जेवलास काय?"

फेब्रुवारीत हर्षालीचा फोन आला. तिचा आवाज वेगळाच होता.

"काका, आईचा हात आला."

"काय?"

"कालपासून. ती म्हणते, करंगळी बुडवली आणि चटका बसला. ती रडत होती फोनवर. काका, मला तिच्यावर विश्वास ठेवायचाय. पण तुम्ही येऊन बघा. तुम्ही हो म्हणालात तर मी जुईला घेऊन येते."

मला आनंद झाला. खरोखर झाला. चार बायांच्या आकड्यांवर कुणी नियम ठरवत नाही, एखादीचा हात लवकर येऊ शकतो, असं मी प्रवासभर स्वतःला सांगत होतो. मी हर्षालीला सांगितलं, जुईला घेऊनच ये.

वहिनीने घर सारवल्यासारखं लख्ख केलं होतं. ओटीवर सतरंजी अंथरली होती. ती नवी सुती साडी नेसून भिंतीला टेकून बसली होती. हर्षाली आली, जुई तिच्या कडेवर. दहा महिन्यांची, गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची पोर. झबल्याच्या गळ्यातून मानेवरची चकचकीत, ओढलेली कातडी दिसत होती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली, कुणी रागावेल म्हणून पोरं वळवतात तशी.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि दोन कप तयार केले. एकात नुकतं उकळलेलं पाणी घेतलं, अगदी वाफाळतं. दुसऱ्यात आंघोळीला चालेल न चालेल इतकं कोमट, माझ्या मनगटाला जेमतेम लागेल असं. कोणतीही चाचणी करताना एक फसवी चाचणी आधी करायची, ही आमच्या धंद्यातली सवय. त्यात वहिनीवर अविश्वास नव्हता. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. दोन्ही कपांवर बशा झाकल्या आणि कोमट कप आधी बाहेर नेला.

"आये, हात पुढे कर," हर्षाली म्हणाली.

वहिनीने उजवा हात पुढे केला. तिची करंगळी शेवटच्या पेरापर्यंत काळी पडलेली होती. मी बशी थोडीशी सरकवून तिला तर्जनी बुडवायला सांगितली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कपाकडे, आणि बोट पाण्यात घातलं.

"आयs गे!" तिने हात झटकून छातीशी धरला. "भाजला! भाजला गो!"

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते खरं होतं.

हर्षालीने तोंडावर हात घेतला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिने जुईला आईच्या मांडीवर ठेवलं. जुई रडली नाही. तिने आजीच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्यात काय आहे ते चाचपून पाहिलं आणि मग तिची हनुवटी धरली. वहिनी तिला छातीशी घेऊन पुढे-मागे झुलत होती. हर्षालीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

कप माझ्या हातात होता. कुणालाही दिला असता तर त्याने तो एका घोटात संपवला असता.

तिला ऊब लागली होती, तेवढीच. ऊब लागली म्हणजे पाणी कढत असणार, असं ती धरून चालली होती, कारण तिच्या हाताला दोन्ही सारखंच. मी गप्प राहिलो असतो. राहणारच होतो. जुलैपासून ती बाई करंगळी जाळत बसली होती, तिच्या मांडीवर नातीला आणखी थोडा वेळ मिळाला तर कुणाचं काय बिघडणार होतं? पाळण्यात घालेल, झोके देईल, भरवेल.

तेवढ्यात वहिनी जुईच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "फाल्यां सकाळी हिका मीच न्हाऊ घालतलंय हां. किती दिवस झाले माझ्या पायांवर नाय इली ती."

"घाल गो, घाल," हर्षाली रडत रडत हसली.

मी कप खाली ठेवला.

"हर्षाली," मी म्हणालो, "यात बोट घालून बघ."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काही कळलं नाही. मग तिने कपात बोट घातलं आणि तसंच ठेवलं.

वहिनीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

"माका म्हायत होता तुमी काय तरी करतलास," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी हुशार, भावजीनू. पण वायच उशिरान सांगलास असतास तर चलला असता."

हर्षाली उठली. तिने दोन्ही हात पुढे केले. वहिनीने स्वतःच जुईला उचललं, तिच्या झबल्याची गाठ नीट केली आणि तिला लेकीच्या हातात दिलं. जुई तेव्हा कुठे रडायला लागली.

ती आजीच्या मांडीवर एका मिनिटाहून जास्त वेळ नव्हती.